कासवाचा मारवा

एका जंगलात, बाळांनो, मोबाईलचा टॉवर नव्हता, तरी गाणं घरपोच मिळायचं. पक्षी भाड्याने मिळत. राग सांगायचा, की पक्षी फांदीवर बसून थोर गवयांचं गाणं जसंच्या तसं ऐकवी. पहिले काही दिवस फुकट. आवडलं तर ठेवा, नाही तर उडवून लावा.

तिथे दामूअण्णा नावाचं कासव राहायचं. गाण्याचं भारी वेड. एकदा साळिंदर वैद्याने त्यांचे कान तपासले आणि तोंड पाडलं.

"अण्णा, अमावास्येला कान जाणार. ऐकायचं ते ऐकून घ्या."

"एक मारवा ऐकायचाय," अण्णा म्हणाले. "अख्खा. मग गेले तरी चालतील."

मारवा हा मावळतीचा राग. सूर्य टेकला की गातात म्हणे. मला विचाराल तर संध्याकाळी पोटात कावळे ओरडतात, तसंच काहीसं वाटतं.

पक्षी निवडायला अण्णांनी दोघांना बोलावलं. एक बगळोपंत. हे एका पायावर उभं राहून ऐकतात. दुसरा पाय सम दाखवायला मोकळा. दुसरं एक म्हातारं माकड. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चुकीच्या जागी 'वा' म्हणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ते माकड कोण, हे विचारायचं नाही. वयाचा मान ठेवावा.

आधी मैना आली. आलाप रंगला, तोच ती ओरडली, "मध घ्या, ताजा मध!"

"उडवा हिला!" पंत कडाडले.

माकडाने मध कुठे मिळतो ते विचारून घेतलं. मग उडवली.

"अहो, शेजारी पोपट बसलाय. त्याला सांगा की मारवा," कासवीणबाई म्हणाल्या.

"वहिनी! सूर्य बुडाला. आता मारवा? शोभतं का आपल्याला?"

"पंतांचं बरोबर आहे गं," अण्णा म्हणाले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी पोपट.

"तबल्याला कोण?" पंतांनी विचारलं.

"माहीत नाही," पोपट म्हणाला.

"मग दाद द्यायची कुणाला? तुला?"

पोपट बिचकला आणि घाईघाईत वरातीचं गाणं म्हणू लागला. माकड नाचायला उठलं. त्याला बसवेपर्यंत सूर्य बुडाला.

मग भारद्वाज आला. महागातला. गवयाने पान गिळलेलंसुद्धा ऐकू येई. पंतांना पसंत पडला. माकडाचं तर काय, त्याला वरातही पसंत होती. पण अण्णांनीच कपाळाला आठी घातली.

"तंबोरा जरा पितळी वाटतोय, नाही का?"

झालं. तंबोऱ्यावर वाद सुरू झाला. सूर्य आपला बुडून गेला. रोज संध्याकाळी तेच.

"अहो, कान चाललेत तुमचे!" कासवीणबाई रडकुंडीला आल्या.

"म्हणूनच तर! शेवटचं ऐकायचं, ते काय कसलंही ऐकायचं?"

अमावास्या आली. सकाळी अण्णांचे कान गेले. संध्याकाळी निवड पक्की झाली. भारद्वाजच.

सूर्य टेकला. अण्णांनी डोळे मिटले. भारद्वाजाने चोच उघडली.

"फुकटचे दिवस संपले," तो म्हणाला आणि उडून गेला.

अण्णांना काय कळणार? ते पाठीच्या ढालीवर ठेका धरून डोलत होते. चेहऱ्यावर असं काही उतरलं होतं, की पंतांना बोलवेना. कासवीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

जंगल चिडीचूप. बराच वेळ.

मग पंतांनी हळूच पाय उचलला आणि सम दाखवली. त्याच क्षणी माकड म्हणालं, "वा!"

पंतांनी चमकून पाहिलं. माकडाची 'वा' आयुष्यात पहिल्यांदा बरोबर जागी पडली होती.

पार अंधार झाल्यावर अण्णांनी डोळे उघडले.

"आज तंबोरा लागला हो," ते म्हणाले. "हाच पक्षी ठेवा."

तात्पर्य: सेवा निवडताना मुळीच घाई करू नये. कान गेले की सगळ्यांत उत्तम ती आपोआप सापडते, आणि तिच्यात मधाची जाहिरातही नसते.