ढिवराच्या घरी चण्याची भाजी

"तिसरा महिना सरेपर्यंत या घरात मच्छीचा काटाही येणार नाई! अन् काहून, हे कोणाले समजणारही नाई!"

रेवताबाईंनी चुलीपुढं बसून अशी छाती ठोकून घोषणा केली, तेव्हा ऐकायला फक्त सून होती. तीही उंबऱ्याबाहेर तोंड काढून, ओकारी आवरत.

गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची, अड्याळजवळच्या एका गावातली. गावाबाहेर तलाव आणि तलावाच्या पाळीवर ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा मोहल्ला. तिथं लोकांना जाग यायची ती कोंबड्याच्या आरवण्यानं नव्हे, तेलात पडलेल्या मच्छीच्या चुर्र आवाजानं! आणि सुनेला, सत्यवतीला, दिवस गेल्यापासून नेमका तोच वास सोसेना.

मागच्या खेपेला रेवताबाईंनी हौसेनं मोहल्लाभर साखर वाटली होती. साखरेची गोडी जिभेवरून गेली नाही तोच पोरीचं पोट रिकामं झालं. "नजर लागली," म्हाताऱ्या म्हणाल्या. "अंगात रक्तच नाही," नर्सबाई म्हणाल्या. रेवताबाईंनी दोन्ही खरं धरलं. नजरेसाठी तोंड बंद ठेवायचं आणि रक्तासाठी चूल चालू!

नर्सबाईंनी सांगितलं होतं, मच्छी पोटात ठरत नसेल तर घाबरू नका. चण्याचा कोवळा पाला, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, तीळ, गूळ द्या. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो ते लागू देत नाही.

"म्हणजे दवाई आपल्या बांधावर, अन् आपण तिले बकरीपुढं टाकून राहिलो!" रेवताबाई म्हणाल्या, आणि त्याच दिवशी शेवग्याचं झाड निम्मं बोडकं झालं.

नवऱ्याला, मुरारीला, मात्र काही सांगितलं नाही. त्याच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे फाटक्या जाळ्यात झिंगे राहणं! मुलगा ईश्वर तुमसरला राईस मिलवर होता, त्यामुळे घरात छळायला पुरुष एवढा एकच.

"अवो, हे काय?"

"चण्याची भाजी."

"अन् काल?"

"शेवगा."

"अन् उद्या?"

"मोडाचे मूग. लिंबू पिळा अन् जेवा."

"मंग मी मच्छी कायले पकडून राहिलो?"

"विकाले!"

"बरं, चहा तरी मांड."

"घंट्याभरानं!"

मुरारीनं लग्नापासूनचे आपले सारे गुन्हे आठवून पाहिले. एवढ्या शिक्षेचा एकही निघेना!

अड्याळच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं रोहूचा कल्ला उचलून पाहिला. "ताजी हाये का?"

"आत्ता पाण्यातून काढली, बाप्पा!"

"मंग तुमच्याच घरी काहून शिजत नाई म्हणते?"

जे खरं होतं तेच मुरारी बोलला. "मले नाई मालूम."

इतक्या खऱ्या उत्तरानं आजवर कोणाचा माल खपला आहे?

पुढचा बाजार येईपर्यंत बातमीला पाय फुटले. आधी तलावाच्या पाण्याला वास येत होता. मग कोणाला तरी जुलाब झाले. नंतर तर पवनीकडचा एक माणूस दगावला, आणि तो कोणत्या घरचा जावई होता हेसुद्धा लोक सांगू लागले! एकट्या मुरारीचीच नाही, साऱ्या मोहल्ल्याची टोपली भरलेली गेली आणि भरलेली परत आली. मोहल्ल्याची चूल त्या टोपलीवरच पेटायची. लेकरांच्या ताटात नुसता भात आला, तेव्हा गोष्ट हसण्यावारी राहिली नाही.

शेवटी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष केवळराम, अर्धा मोहल्ला मागं घेऊन, गंजभर रोहूचा रस्सा हातात धरून रेवताबाईंच्या अंगणात आला. त्याची बायको बेबीबाई शेजारणींसोबत कुडाला टेकून उभी राहिली.

"मुरारीभाऊ, साऱ्यायच्या समोर खा. बाजारात सांगतो, ढिवरानं खाल्ली म्हणून!"

मुरारी असा बसला, जणू जन्माचा उपास सुटत होता! काटे काढायची उसंतही त्यानं घेतली नाही. लोक खूश. "पाहा, काही झालं का?" केवळरामनं छाती फुगवली आणि गंज उघडाच घेऊन ओसरीवर चढला. "आता सूनबाई, तूही एक घास..."

सत्यवतीनं नाकाला पदर लावला, पण उशीर झाला होता. ती धावत परसात गेली, आणि पुढचा आवाज साऱ्या अंगणानं ऐकला.

"विष!" कोणीतरी ओरडलं.

"नुसत्या वासानं असं, तं खाल्ल्यावर काय होईन?" दुसऱ्यानं भर घातली. मुरारीच्या हातातला घास गळून पडला. केवळरामनं स्वतः रस्सा चाखला होता. तो गंज सोडून पोट धरून बसला. "गाडी जुंपा! पवनीच्या दवाखान्यात घेऊन चला मले!"

रेवताबाई परसाच्या दारात उभ्या होत्या. बोलावं तर नजर, न बोलावं तर साऱ्या मोहल्ल्याचा हिवाळा उपाशी. सत्यवती कुडाला धरून आली. धुतलेल्या तांदळासारखी पांढरी.

"बोला आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "माह्यापायी लेकरं उपाशी नको."

रेवताबाईंनी डोळे मिटले. "विष नाई, बाप्पा. माह्या सुनेले..."

"पुढं बोलू नोका!" बेबीबाईनं झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "आमाले सप्पा मालूम हाये!"

"तुमाले कोणी सांगतलं?"

"सांगाले कायले लागते? सून मच्छीपासून पळते, सासू शेवगा ओरबाडते, आमी का आंधळ्या हाओत?"

केवळराम पोट सोडून उठला. "मंग तूच मले काहून म्हणाली का तलावाच्या पाण्याले वास येऊन राहिला?"

"तुमी विचारू विचारू डोकं खाल्लं! यायची गोष्ट झाकाले काहीतरी सांगाच लागत होतं ना!"

"जुलाब मी सांगतले," मागून एक आवाज आला.

"अन् मेलेला माणूस माहा," चंद्रकांता पदराआडून म्हणाली.

इतके दिवस रेवताबाईंना वाटत होतं, सुनेवर पहारा द्यायला आपण एकट्याच जागतो आहोत. सारा मोहल्ला काठी घेऊन उभा होता, आणि त्याच काठीनं आपलंच मडकं फोडून बसला होता! त्यांना हसू आलं, मग रडू आलं, आणि कोणतं कुठं संपलं ते कळलं नाही.

बायकांनी तिथंच ठरवलं. पोरीचा तिसरा महिना सरेपर्यंत या पाळीवर कोणाच्याच चुलीवर मच्छी नाही, आणि कोणत्याच पुरुषानं तोंड उघडायचं नाही. पुरुषांना कोणी विचारलं नाही.

पुढच्या बाजारी केवळराम स्वतः बसला. गिऱ्हाइकानं विचारलंच. "आता तं म्हणते, साऱ्या मोहल्ल्यातच मच्छी शिजत नाई?"

"कशी शिजन?" केवळराम गरजला. "अशी रोहू यंदा तलावानं पहिल्यांदा देल्ली! घरी ठेवाले जीव होत नाई, सप्पा तुमच्यासाठी घेऊन येतो!"

टोपली बघता बघता रिकामी झाली. शेवटची मच्छी पिशवीत टाकता टाकता गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "मंग तुमी काय खाता, अध्यक्षसाहेब?"

केवळरामनं इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला, आणि चोरी कबूल करावी तसा म्हणाला,

"चण्याची भाजी."