छत्रीवरची घंटी

आमच्या शेजारच्या गोपाळभाऊंच्या छत्रीला सायकलची घंटी बसवलेली आहे. दांड्याला, मुठीच्या जरा खाली, दोन स्क्रूंनी घट्ट. छत्री ते बाराही महिने बाळगतात. वाटेत म्हैस आडवी आली तरी घंटी वाजवत नाहीत. ती वाजते फक्त स्वतःच्या घराच्या फाटकाशी. ट्रिंग-ट्रिंग, मग थोडं थांबून आणखी एकदा ट्रिंग.

अन्वी, ईशान, तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं की आजी, तुझ्या गावात विनोदी कोण आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गोपाळभाऊ शहापूरच्या कोर्टात कारकून होते. नोकरीत असतानाच एलएल.बी. झाले, पण काळा कोट काही चढवला नाही. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात किंवा गुडघे सांभाळतात. यांनी एलएल.एम.ला नाव घातलं, आणि विषय घेतला ट्रेड मार्कचा कायदा. आठवड्यातून तीन दिवस मुरबाडहून जीपने कल्याणकडे कॉलेजात जायचं. वर्गातली मुलं पहिल्या दिवशी त्यांना प्राध्यापक समजून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून 'आजोबा' म्हणायला लागली आणि परीक्षा जवळ आल्यावर 'आजोबा, नोट्स द्या ना'.

या कायद्याचं सार त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "बाई, ग्राहकाचा गोंधळ होता कामा नये." मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून सगळा गाव मला बाई म्हणतो. हे वाक्य ते लग्नात म्हणतात, बाजारात म्हणतात. एकदा तर सत्यनारायणाला सारख्या दिसणाऱ्या दोन वाट्यांत पंचामृत आणि ताक ठेवलेलं पाहून म्हणाले होते.

एके दिवशी सकाळी ते एक हिरवा पुडा घेऊन आले. चहापुडीचा होता. मला दाखवला आणि लगेच पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा पुडा दाखवला.

"कालचाच ना?"

"कालचाच," मी म्हटलं. "मोराचा."

"नीट बघा."

नीट पाहिलं तर तो कोंबडा होता! गोपाळभाऊंना इतका आनंद झाला की ते ओटीवर बसूनच टाळ्या वाजवायला लागले. "कायद्याला असाच माणूस लागतो, बाई! हुशारी मध्यम, आठवण अर्धवट. दोन पुडे शेजारी ठेवून कोण बघतो? माणूस आठवणीवर माल घेतो. तुमी माझ्या नमुना ग्राहक!"

माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, आणि त्या चिठ्ठ्यांची एक वही आहे. त्या मला हा माणूस अर्धवट आठवणीची म्हणतो! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते साबणाच्या दोन वड्या घेऊन आले. तिथेही मी चुकले.

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ समोरासमोर दोन भजीवाले आहेत. दोघांच्याही पाटीवर 'मूळ मालक' असं लिहिलेलं. सख्खे चुलतभाऊ, पण सात वर्षं एकमेकांशी अबोला. गोपाळभाऊ वहीपेन घेऊन आधी एकाकडे गेले, मग दुसऱ्याकडे. नाव आधी कोणी लावलं, गिऱ्हाईक कोणाला ओळखतं, पाटीचा रंग कोणाचा पहिला, अशी दोघांची उलटतपासणी. तासाभराने पहिला दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "बाळ्या, तू याला तिकडून धर, मी इकडून धरतो." सात वर्षांनी भाऊ भावाशी बोलला! गोपाळभाऊंना दोघांनी मिळून जीपपर्यंत पोचवलं. ते मात्र खूश. "वाद आपसात मिटला," म्हणाले.

त्यांच्या पत्नी, आमच्या सुंदरवहिनी, यांच्याविषयी आता लिहायला हवं. गेली दोन-तीन वर्षं वहिनींना चेहरे ओळखू येत नाहीत. मला त्या कधी 'बाई' म्हणतात, कधी 'पोस्टातल्या ताई'. भाकरी अजून गोल करतात, शेतातली गाणी सगळी पाठ आहेत, पण समोर आलेला माणूस कोण ते उमगत नाही. गोपाळभाऊंना मात्र बरोबर ओळखतात. नवऱ्याचा चेहरा तेवढा राहिला असेल, असं मी धरून चालले होते.

शेवटची तोंडी परीक्षा थंडीत होती. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आवाजाचे ट्रेड मार्क. म्हणजे नुसता आवाज ऐकून माल कोणाचा ते कळावं, असे. निघताना ते मला सांगून गेले, "तुमच्या वहिनींजवळ बसा जरा. पास झालो तर पहिलं तिला सांगणार, मग तुमाला. रांगेनं."

दुपारी आम्ही दोघी त्यांच्या ओटीवर वाल सोलत होतो. इतक्यात गोपाळभाऊ आले. पांढरा सदरा, दोन्ही हातांनी प्रबंध छातीशी धरलेला, आणि चेहरा असा उजळलेला की निकाल विचारायची गरजच नव्हती. फाटकाशी येऊन त्यांनी उजवा हात वर केला. हातात छत्री नव्हती. जीपमध्ये राहिली होती.

ते तिथेच उभे राहिले. उजळलेला चेहरा विझला.

वहिनींनी मान वर केली. "कोण पायजे?"

मी सांगणार होते, पण गोपाळभाऊंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. "गोपाळराव हायत का?"

"नाय ओ, परीक्षेला गेलेत. या, बसा. उन्हातून आलात." वहिनींनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि पुन्हा वाल घेऊन बसल्या. गोपाळभाऊ स्वतःच्या ओटीच्या कडेवर, पाहुण्यासारखे अंग चोरून बसले.

"लई हुशार हायत आमचे हे," वहिनी त्यांना सांगू लागल्या. "पण मला इसरायला व्हायला लागलं तवा नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसायचे अन् गुपचूप डोळं पुसायचे. मीच म्हटलं, असं बसू नका, शिका काय तरी. तुमाला शिकायची हौस होती ना? मी इसरले तरी तुमच्या ध्यानात राहील, मी सांगितलेलं."

गोपाळभाऊ गूळ हातात धरून ऐकत होते. मी वालाचे दाणे सालींच्या टोपलीत आणि साली दाण्यांत टाकत होते.

तेवढ्यात फाटकाशी घंटी खणखणली. जीपवाला बबन, चांगला मिशाळ गृहस्थ, छत्री घेऊन आला होता आणि गमतीने घंटी वाजवतच सुटला होता. मला वाटलं, आता वहिनी उठणार. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"आमच्या यांची नाय ही," म्हणाल्या. "कोण तरी उगाच वाजवतोय."

गोपाळभाऊ ताडकन उठले. बबनच्या हातून छत्री घेतली, फाटकाबाहेर गेले आणि मेंदीच्या कुंपणाआड दिसेनासे झाले. क्षणभराने आवाज आला. ट्रिंग-ट्रिंग. मग थोडं थांबून, ट्रिंग.

मांडीवरचे वाल तसेच सांडून वहिनी उठल्या, पदर सारखा केला. "आले!"

"पास झालो गो!" कुंपणाआडूनच ते ओरडले.

"ठावं होतं मला. या आधी आत." मग वहिनी इकडेतिकडे बघायला लागल्या. "अवो, तुमाला भेटायला एक पाव्हणा आलता. इथंच बसलेला. चहा टाकलाय त्याचा."

"गेला तो," गोपाळभाऊ म्हणाले.

"असा कसा गेला? बरा होता बिचारा." वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दिसायला थोडा तुमच्यासारखाच होता. पण मी काय फसले नाय."

गोपाळभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, बहुधा ते नेहमीचंच वाक्य, पण या खेपेला ते पुरं झालं नाही. ते प्रबंध मांडीवर घेऊन बसले आणि पाहुण्याचा चहा आला तो त्यांनीच प्यायला.