भाऊंच्या म्हातारीची शाल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मी मिठासारखं अंदाजाने टाकते आणि अक्षर डावीकडे कलतं. तेव्हा वाचणाऱ्याने कागद जरा तिरका धरावा आणि रागावू नये. आमच्या शेजारच्या दत्ताराम घाडींबद्दल, म्हणजे भाऊंबद्दल, कोणीतरी लिहायला हवं होतं आणि आमच्या माळ्यावर दुसरं कोणी लिहीत नाही.

भाऊ माणसांचा आवाज बोटाने कमी करतात. समोरचा मोठ्याने बोलायला लागला की हवेत बोट धरून ते हळूच खाली ओढतात. ते साऊंडवाले. त्यांच्या यंत्रावर सरकत्या बटणांची रांग आहे, बटण खाली ओढलं की तो माईक खाली. गंमत म्हणजे माणसंही खाली येतात. भाजीवाला येतो, लाइटचं मीटर बघायला येणारा येतो. एकट्या माझ्या सासूबाई येत नाहीत.

"काकी, तू तांबड्यात गेलंस," भाऊ म्हणतात. यंत्रावरचे हिरवे दिवे तांबडे झाले की आवाज फाटतो म्हणे.

"जाईन नाहीतर काय! तुझ्या बापाची वीज लागते का मला, मेल्या?" सासूबाई तांबड्यातूनच विचारतात.

भाऊ मालवणकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सुरतला. दिंडोशीच्या आमच्या चाळीत ते आणि त्यांचं ते बटणांचं यंत्र, म्हणजे जुना मिक्सर, दोघंच राहतात. मिक्सर पलंगावर आणि भाऊ खाली चटईवर. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वयनी, म्हातारीक जमिनीची सर्दी होता."

म्हातारी म्हणजे मिक्सर. तिला वीज पुरवणारा लोखंडी डबा वेगळा, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज त्यात जाते आणि म्हातारीला सोसेल तेवढीच बाहेर येते. भाऊ कामावरून आले की आधी तो चालू करत. प्रोग्राम असो वा नसो. मग घूंऽऽ असा आवाज आमच्या भिंतीतून झोपेपर्यंत येई. आमच्या पाहुण्यांना वाटे शेजारी पिठाची गिरणी आहे.

भाऊ भजनाच्या डबलबारीचा आवाज सांभाळतात. दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना चिमटे काढतात, ती डबलबारी. यंदा भजन मंडळाने भाऊंचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा, सगळं. भाऊ घरी आले आणि म्हणाले, "आवाज हिनं दिल्यान, शाल माका कित्याक?" नारळ त्यांनी मिक्सरसमोर फोडला आणि शाल? ती पॉवर सप्लायच्या डब्याला चारी बाजूंनी नीट गुंडाळली. वर हळदकुंकू. मग नेहमीसारखं बटण दाबलं.

आमच्याकडे वरणाला फोडणी बसत होती तेव्हा शेजारून फट् झालं. भाऊ दारात आले. फेटा डोक्यावर तसाच.

"काकी, म्हातारी गेली."

"कोण म्हातारी? ह्या माळ्यावर म्हातारी मीच आहे आणि मी जेवायला बसत्येय!"

तेवढ्यात जळक्या लोकरीचा वास आला.

घाटकोपरचा मिस्त्री आला. त्याने काळी पडलेली शाल दोन बोटांत उचलून विचारलं, "काका, ह्याला थंडी वाजत होती का? हवा जायची भोकं सगळी बंद केलीत. हा डबा संपला. पार्ट पण मिळणार नाहीत आता. सप्लाय अख्खा नवीन बनवायला लागेल."

त्याने आकडा सांगितला आणि भाऊ खाली बसले. शनिवारी डबलबारी होती. मंडळाचा सेक्रेटरी नितीन चांगला मुलगा, पण घाईचा. तो म्हणाला, "टेन्शन नको भाऊ. भाड्याने डिजिटल मिक्सर आणू, त्याचा माणूस पण येतो सोबत. तुम्ही पहिल्या रांगेत बसा ना, पाहुणे म्हणून."

भाऊ "बरा" म्हणाले. एकदा पहिल्या रांगेत बसलेला माणूस परत मशीनमागे जात नाही, हे त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोन बायका पाण्यावरून तार सुरात भांडत होत्या आणि भाऊ हात खिशात घालून मधून निघून गेले. सासूबाईंनी ते पाहिलं.

"तुझी भिशी लागली ना?" त्या मला म्हणाल्या. "दे त्याला. तो मागणार नाही, मेला मोठा मानी."

मी दिली. भाऊंनी पैसे कपाळाला लावले आणि मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीने शुक्रवारी नवा डबा आणला. भाऊंनी तो लगेच जोडू दिला नाही. आधी मीटर लावून वीज मोजायला लावली. एका तारेवर अधिक सतरा, दुसरीवर उणे सतरा, माईकच्या तारेवर अठ्ठेचाळीस व्होल्ट.

"परत बघ."

"काका, आत्ताच बघितलं ना!"

"अरे, तार उलटी लागली तर म्हातारीच्या पोटात होळी पेटात. परत बघ."

मिस्त्रीने परत बघितलं. देवाचं नाव घेऊन वायर जोडली, बटण दाबलं आणि म्हातारीचे दिवे एकेक करून हिरवे झाले. दारात जमलेल्या आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ऐका, एकदम झकास," मिस्त्री म्हणाला. "ती घूं घूं नाहीच. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

भाऊंनी डब्याला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. "खराच. कायच येत नाय," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता की नाही, मला कळलं नाही.

शनिवारी भाऊ म्हातारीमागेच बसले आणि डबलबारी रंगली. दोन्ही बुवांचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला आणि नितीनने स्वतः येऊन पुढच्या दोन कार्यक्रमांच्या सुपाऱ्या दिल्या. भाऊंच्या हातात बरे पैसे आले.

पण माझे पैसे ते एकदम देईनात. रोज संध्याकाळी दिवेलागणीला यायचे, पन्नासाची एक नोट द्यायचे आणि उंबऱ्याशी बसायचे. आमच्याकडे त्या वेळी टीव्ही, कुकर, पोरांची भांडणं आणि सासूबाई, सगळं एकदमच चालतं. भाऊ गप्प बसून ऐकायचे.

"एकदाच काय ते दे की," सासूबाई ओरडायच्या. "शाळेची फी भरतोयस का?"

"एकदम जमत नाय, काकी."

एकदा सासूबाई मोरीत होत्या तेव्हा भाऊ मला हळूच म्हणाले, "वयनी, ती घूं होती ना, डोळे मिटून पडलंय की घरात कोणतरी काम करता असा वाटायचा. आता नवो डबो लय चांगलो आसा. पण लय गप आसा."

मी त्यांना चहा दिला.

काल शेवटची नोट होती. भाऊंनी ती पुढे केली, पण बोटं सैल होईनात. सासूबाईंनी ती ओढूनच घेतली, कमरेला खोचली आणि चाळ ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "फिटले सगळे! रोज नोटा मोजायला लावून जीव नको केलास. उद्यापासून हात हलवत ये. आणि उंबऱ्यावर काय बसतोस भाडेकरूसारखा, आत ये."

भाऊ आत येऊन भिंतीला टेकून बसले. मी भाताला मूठभर तांदूळ जास्त घेतले.