सुकेळी, जबडा आणि तीन सेकंद

रविवारी सकाळी मी बायकोला मदत करायचं ठरवलं. (आमच्या घरातल्या बहुतेक अपघातांची सुरुवात याच वाक्याने होते.)

आमची प्रेमलता वाडीतली राजेळी केळी वाळवून सुकेळी विकते. पहिलीच मोठी ऑर्डर होती. संध्याकाळी नायगावच्या लग्नघरी तीनशे पाकिटं पोचवायची. मी मशीनशेजारी उभा राहून पाकिटं पुढे देत होतो, आणि सील करायचं ते नवं मशीन दर सात-आठ पाकिटांमागे एक फाडत होतं. लाल दिव्यासमोर पाकीट आलं की जबडा मिटतो, एवढंच त्याचं काम. पण मधेच तो पाकीट पुरतं यायच्या आधीच मिटायचा, तोही इतक्या झटकन की डोळ्याला काही कळू नये. मेकॅनिक गावी गेलेला. प्रेमलता फाटलेली पाकिटं माझ्यासमोर एकेक करून मांडू लागली. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही, अशी मांडामांड करू लागली की घाबरतो.

मी मेलरॉयला फोन लावला. तो आमच्या टेस्टिंग लॅबमधला इंजिनियर, मी तिथला स्टोअर क्लार्क. साहेबांना विचारून तो हायस्पीड कॅमेरा घेऊनच आला.

"सेकंदाला दोन हजार फोटो काढतो हा," तो म्हणाला. "एकेका फोटोला एवढासा वेळ. तेवढ्यात उजेड आत शिरायला पायजे. लाइट लावा, हरीशभाऊ. बक्कळ!"

"ट्यूबलाइट आहे की."

"ती सेकंदाला शंभरदा फडफडते. आपल्याला दिसत नाय, याला दिसतं."

शेजारच्या रोझमेरीकडून मांडवाचे चार हॅलोजन आणले. चौथा लावताच फ्यूज उडाला. तिनांवर भागवलं. स्वयंपाकघराची भट्टी झाली, मी शर्ट काढून बनियनवर आलो.

"आता ऐका. मेमरी तीन सेकंदांचीच. कॅमेरा जुनं पुसत नवं भरत राहतो. पाकीट फाटलं, की मग बटण दाबायचं. मागचे तीन सेकंद हाती लागतात."

"फाटल्यावर? मग उपयोग काय?"

"अहो, ते म्हणतायत तसं करा ना!" प्रेमलता.

बटणाची वायर आखूड, म्हणून मी पुन्हा मशीनला खेटून उभा राहिलो. पहिल्यांदा धास्तीने आधीच दाबलं. दुसऱ्यांदा शिंकलो. तिसऱ्यांदा फाटकन आवाज आला आणि मी दाबलं.

मेलरॉयने ते पडद्यावर संथ चालीत लावलं; असे तीन सेकंद बघायला चार मिनिटं लागतात. आमची लेक रेवाही येऊन बसली. जबडा जागचा हलेना. मग डावीकडून काहीतरी पांढरं, गोल, संथपणे वर येऊ लागलं.

"चंद्र उगवतोय?" रेवा.

"अहो," प्रेमलता पुढे वाकली, "हा तुमचा बनियन."

बनियनच्या आत माझं पोट होतं. श्वासाबरोबर ते लाटेसारखं पुढे आलं, लाल दिव्यासमोर थांबलं, आणि जबड्याला वाटलं, पाकीट आलं. खाड!

मला बाल्कनीत बसवण्यात आलं. चार वाजेपर्यंत तीनशे पाकिटं झाली, एकही फाटलं नाही. प्रेमलता हसत होती, त्यामुळे मीही हसलो.

सोमवारी लॅबमध्ये शिरलो तर नव्या ट्रेनींपुढे मोठ्या पडद्यावर माझं पोट हेलकावत होतं. मेलरॉय समजावत होता, "आता बघा, मऊ पदार्थाला धक्का बसला की लाट कशी पसरते."

मागच्या बाकावरून एकीने हात वर केला. "सर, हे कुठलं जेली मटेरियल?"



"लोकल," मेलरॉय म्हणाला. "आपल्या स्टोअरमध्ये मिळतं."