पळसटोल्याचा हुकमी ढग

माणसाची अब्रू जमिनीपासून साडेपाच फुटांवर असते. त्याहून खाली ती कुत्र्यांना दिसते आणि वर कावळ्यांना. या दोघांच्या मताला गावात किंमत नाही. म्हणून शहाण्या माणसाने घर बांधताना पैसा समोर लावावा आणि मागे देवाचं नाव घ्यावं.

आरमोरीपासून दोन कोसांवरचं पळसटोला या शास्त्रात फार पुढे गेलेलं होतं. छपराच्या रस्त्याकडच्या उतारावर लालभडक कवेलू (म्हणजे कौलं), घरामागच्या उतारावर गवत. शेकडा नव्वद घरं अशीच. (उरलेल्या दहांत दोन्हीकडे गवत होतं. ती माणसं खरी होती, त्यामुळे त्यांना पंचायतीत कोणी विचारत नसे.) प्रत्येकाला प्रत्येकाची मागची बाजू ठाऊक होती आणि कोणी कोणाची काढत नव्हतं. यालाच गावाचा एकोपा म्हणतात.

त्यात शकुबाईचं घर उजवं. कवेलू थेट चांद्याहून बैलगाडीने आणलेले. नवरा गेल्यावर तिने धानाची बांधी, पोरं आणि अख्ख्या गावाची जीभ एकटीने ताब्यात ठेवली होती. आता शेवटची कमळा तेवढी उजवायची राहिली होती. वरोऱ्याचे नानाजी, कापसाच्या बाजारातलं वजनदार माणूस, आपल्या पोरासाठी बघायला आले, ओट्यावर बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "कवेलूचं घर आहे. जमलं." त्यांनी कमळाकडेही पाहिलं, पण नंतर. साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) दिवाळीनंतर ठरलं.

तेवढ्यात रशियाने आभाळात गोळा सोडला.

आरमोरीला सरकारने ढग लिहायला नथ्थूजी बाबू ठेवले होते. दिवसातून दोनदा वर बघायचं आणि आभाळाचे आठ भाग मानून किती भागांत ढग आहे ते लिहायचं. (त्याच वर्षी सरकारने रुपयाचे शंभर तुकडे केले होते, त्यामुळे आभाळाचे आठच केल्याचं लोकांना समाधान वाटलं.) शेजारचा रकाना 'अतिउंचावरील सूक्ष्म धूळ' असा होता. त्यात ते रोज 'आहे' लिहीत. 'नाही' लिहिलं तर कारण द्यावं लागे.

हेच नथ्थूजी गोळ्याची माहिती द्यायला पळसटोल्याच्या चावडीत आले.

"आजवर आपून खालून ढग पाहत होतो. आता थो गोळा वरून पाहून राह्यला. ढग बी पायते अन् वरची बारीक धूळ बी."

"धूळ पायते थे ठीक," शकुबाई म्हणाली. "तुमच्या ओट्यावरचीबी दिसन त्याले. पन आभाळ साफ असन तं काय पायते?"

नथ्थूजींना उत्तर माहीत नव्हतं. माहीत नसलेलं उत्तर ठामपणे देणं हा मात्र नोकरीचा भाग होता.

"तं मंग खालचं सारं दिसते, बाई. छपरं-गिपरं. फोटूच निंगते."

चावडीत बसल्याबसल्या शेकडा नव्वद लोक मनातल्या मनात आपापल्या घरामागे जाऊन आले.

"अन् थो फोटू कुठी जाते?"

"नागपूर, चांदा, वरोरा... सारीकडं."

वरोरा म्हटल्यावर शकुबाई उठली.

घरी येऊन तिने पोराला विचारलं, "डोमा, मांगं कवेलू बसवाले जमन?"

"कायचं जमते, माय? धान उभंच आहे अजून."

"मंग ढग लागन."

विचार सरळ होता. ढग असला की खालचं दिसत नाही, हे सरकारच सांगतं. आश्विनात ढग येत नाही. जे येत नाही ते घरी करावं लागतं, आणि शकुबाईने लोणच्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळं घरीच केलं होतं. दिवे लागायच्या वेळेला गोळा आभाळातून सरकला, तेव्हा तिच्या सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या वाडीतून, ओल्या तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) आणि शेणाचा असा धूर निघाला की छप्परच काय, शकुबाईही दिसेना.

"काऊन वं शकुबाई, धूर?" कुडापलीकडून शेजारच्या मुखरूने विचारलं.

"डास झाले."

"या दिवसात?"

"माझ्या घरचे डास आहेत. तुले पुसून येत नाई."

दुसऱ्या दिवशी मुखरूकडेही डास झाले. आठवड्याभरात शेकडा नव्वद घरांत झाले. (दोन्हीकडे गवत असलेल्यांकडे एकही डास झाला नाही. शास्त्राला याचं कारण अजून सापडलेलं नाही.)

आरमोरीहून नथ्थूजींनी इमानाने लिहिलं: 'पळसटोल्यावर आठात आठ, इतरत्र शून्य.' त्यांचा अहवाल वर कोणीतरी वाचण्याची ही पहिलीच वेळ. रोज दिवेलागणीला येऊन जेवणाआधी जाणारा ढग! वेळ पाळणारी वस्तू सरकारात दुर्मीळ असल्याने वरच्या ऑफिसने त्याचं 'हुकमी ढग' असं नाव ठेवलं, गावाला शाबासकीचं पत्र धाडलं आणि पाहणीला नागपूरहून साहेब जीपने निघाले. ही जीप वरोऱ्यावरून का आली, ते प्रवासभत्त्यालाच ठाऊक. पण आली, आणि नानाजी आयुष्यात फुकटची गाडी सोडत नसत.

"ओट्यावर बसा, साहेब," शकुबाई पदर सावरत म्हणाली. "इथूनच चांगला दिसते."

"बाई, आता ढग वरून पाहायचे दिवस आले," साहेब म्हणाले, आणि गावामागच्या मचाणाकडे निघाले. त्या मचाणावरून पळसटोल्याची मागची बाजू ताटात वाढल्यासारखी दिसते. मागोमाग नानाजी.

शकुबाई धावतच सांदवाडीत गेली. "डोमा, टाक! सारं तणस टाक!"

घाईत ते ओलं करायचं राहिलं. ओल्या तणसाचा ढग होतो, कोरड्याचा जाळ. जाळ उठला तो थेट छपरावर. गाव घागरी घेऊन धावलं, घर वाचलं. मागचा उतार तेवढा गेला. समोर लाल कवेलू जसेच्या तसे उभे आणि त्यांच्यामागे आभाळ. ढग आठात शून्य.

साहेब आणि नानाजी मचाणावरून उतरून आले. कमळा रिकामी घागर धरून उभी होती, गालाला काजळी. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा नानाजींकडे, आणि मान खाली घातली. वरोऱ्याचं स्थळ आता आईच्या एका उत्तरावर होतं.

"मांगचे कवेलू जळले, नानाजी," शकुबाई ताठ मानेने म्हणाली. "सारे जळले. एक नाई वाचला."

भट्टीत भाजलेली माती जळते, हे पळसटोल्याने त्या क्षणी एकमताने मान्य केलं. नानाजींनी राखेकडे पाहिलं. त्यात एक खापरी नव्हती. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाले,

"होते असं, विहीणबाई. आमचेबी मांगचे असेच जळले होते."

शकुबाईने नानाजींना पहिल्यांदाच मागून पाहिल्यासारखं पाहिलं. तिथी तिथंच पक्की झाली.

साहेबांनी 'कवेलू ज्वालाग्राही असल्याचे स्थानिक मत आहे' अशी नोंद केली आणि जाता जाता सांगितलं, "त्या गोळ्याला डोळा नाही हो, बाई. तो नुसता पी-पी करतो."

"आंधळा होता?" शकुबाई साहेबांसोबत आलेल्या नथ्थूजींवर उलटली. "बाबू, आंधळ्यासाठी मी घर पेटवलं?"

"मले बी थो खालूनच दिसते, बाई," नथ्थूजी म्हणाले.

वर एक डोळस बसलेला आहे, असं पळसटोल्यात रोज आरतीला सांगत. त्याच्यासाठी कोणी मागे एक कवेलू लावला नव्हता.

आता म्हणे खरंच डोळे असलेले गोळे वर फिरतात. ढग बघतात, धूळ बघतात. शकुबाईला हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. फक्त एकदा घरामागे जाऊन यावं आणि मग हसावं. आम्ही थांबतो. परत येताना डोळ्यांत धूर गेलेला दिसला, तरी आम्ही काही विचारणार नाही. डास झाले असतील.