सोनाजी चिडत नाही

जळबाच्या अकरा शेळ्या सोनाजीच्या हरभऱ्यात शिरल्या, तेव्हा सोनाजी आणि त्याची बायको यशोदाबाई हिंगोलीच्या चर्चमध्ये उपासनेला बसले होते. ती दोघं दुपारच्या गाडीनं पुसेगावला परतली, तोवर शेळ्यांचं जेवण उरकलं होतं. घाट्यांनी लगडलेल्या हरभऱ्याचे खराटे झाले होते. जे खाल्लं नव्हतं ते तुडवलं होतं.

सोनाजीनं बांधावर उभं राहून शेत बघितलं. एक शिवी त्याच्या दातांपर्यंत आली. ती त्यानं गिळली. दुसरी आली. मग तो बांधावरच खाली बसला आणि डोळे मिटून पुटपुटू लागला.

"काय म्हणून राहिले?" यशोदाबाईंनी विचारलं.

"प्रार्थना करून राहिलो. मधी मधी जळब्याचा बाप येऊन राहिला तोंडात."

त्याच सकाळी पाळकसाहेबांनी क्षमेवर उपदेश केला होता. क्षमा नुसती तोंडानं करू नका, हातांनीही काही करा, असं ते म्हणाले होते. सोनाजीनं तेव्हा मान डोलावली होती. ती डोलावताना आपला हरभरा कुणाच्या पोटात चाललाय हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी तो उठला. विळा घेऊन त्यानं तुडवलेला हरभरा कापला, त्याचा भारा बांधला आणि डोक्यावर घेऊन जळबाच्या दारात गेला.

जळबा तयारीतच होता. सोनाजी आणि तो लहानपणापासूनचे शेजारी. दोन वर्षांमागं एकाच शेळीनं सोनाजीच्या मेथीत तोंड घातलं होतं, तर सोनाजीचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला होता. आज अकरा होत्या. जळबानं उत्तरं पाठ करून ठेवली होती आणि त्याची बायको भिकाबाई दाराच्या आत पदर खोचून उभी होती.

सोनाजीनं भारा खाली टाकला. "शेळ्यांसाठी आणलाय. मोडलंच हाय तर वाया कशाला घालायचं? मनात काही ठेवू नको जळबा. म्याबी न्हाई ठेवलं."

एवढं बोलून तो निघून गेला.

जळबाची पाठ केलेली उत्तरं वाया गेली. भिकाबाई भाऱ्याभोवती एक फेरी मारून आली.

"शिव्या न्हाई दिल्या?"

"न्हाई."

"एकबी?"

"एकबी न्हाई. वर चारा देऊन गेला."

भिकाबाईचा चेहरा पडला. "मंग औषध मारलंय त्यानं पिकावर! आपल्या शेळ्या आता मरणार हायेत. त्याला ठाऊक हाय, म्हणून तर थंड हाय!"

अर्ध्या तासात जनावरांच्या डॉक्टर रागिणीताई स्कूटीवरून हजर झाल्या. त्यांनी अकराही शेळ्यांचे डोळे, तोंडं, पोटं तपासली. शेळ्या ठणठणीत होत्या. त्यातली एक तर तपासणी चालू असतानाच भाऱ्यातला हरभरा ओढून खाऊ लागली. तरी खात्री करायला म्हणून रागिणीताई सोनाजीकडं गेल्या.

"काका, फवारणी केली होती का?"

"महिन्यामागं निंबोळीचा अर्क मारला व्हता, ताई. बाकी काही न्हाई."

रागिणीताई निघाल्या, पण दारात थबकल्या. "एक विचारू? तुम्ही चिडला कसे नाहीत?"

"चिडलो व्हतो ना. पण माफ करायचं ठरवलं."

"असं ठरवता येतं?"

सोनाजीनं प्रामाणिकपणे विचार केला. "आजच्यापुरतं तरी आलं," तो म्हणाला.

विष नाही म्हटल्यावर जळबाला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याची तकलीफ वाढली. तो पोलीस पाटलाकडं जाऊन विचारून आला, की सोनाजीनं काही तक्रार दिली का. दिली नव्हती. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, सोनाजीला ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल. दुसरा म्हणाला, डॉक्टरनं रक्तदाबामुळं ओरडू नको असं सांगितलं असेल. सोनाजी रस्त्यानं गेला की लोक त्याच्याकडं, नव्या बोअरचं पाणी प्यावं की नाही अशा नजरेनं बघू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जळबा स्वतःच आला. डोळे तांबारलेले होते.

"सोनाजी, एक काम कर. मला शिव्या दे."

"काहून?"

"जेवण जाईना मला. तू वरडला असता, मी वरडलो असतो, झालं बराबर. आता हे तसंच लटकून राहिलंय."

"म्या माफ केलंय रे तुला."

"ते माफ राहू दे. एक शिवी दे. बारकीशी."

"न्हाई देता येत, जळबा."

हे म्हणताना सोनाजीला मनातून बरंच बरं वाटलं. आपण फार चांगले झालो आहोत असं त्याला गेले तीन दिवस वाटत होतं, आणि त्या वाटण्याची त्याला गोडी लागत चालली होती. यशोदाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. पण त्या काही बोलल्या नव्हत्या.

जळबा हात हलवत परत गेला. वाटेत सोनाजीच्या गोठ्यापाशी तो थांबला. सोनाजीची तांबडी गाय दावणीला सकाळच्या वैरणीची वाट बघत उभी होती. जळबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या जनावरांनी त्याचं खाल्लं, त्याच्या जनावरानं माझं खावं. हिशेब मिटला! त्यानं दावं सोडलं आणि तांबडीला नेऊन आपल्या शेळ्यांच्या चाऱ्यासाठी लावलेल्या कोवळ्या लसूणघासात उभी केली.

तांबडीनं आयुष्यात असा मान कधी पाहिला नव्हता. तिनं तो पुरेपूर घेतला.

अकराच्या सुमारास भिकाबाईची हाक ऐकू आली. "सोनाजी भावजी! तुमची गाय आमच्या घासात! अन् पोट बघा तिचं!"

सोनाजी आणि यशोदाबाई धावले. तांबडीची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. मान लांब करून ती धापा टाकत होती. तिच्या दुधावर घरातला चहा होता, आणि पुढच्या महिन्यात ती विणार होती.

"सोडली कोणी हिला?"

"म्या," जळबा पुढं आला. चेहरा अगदी समाधानी. "म्हणलं, फिटून जाईल."

मग सोनाजीचा आवाज फुटला. "जळब्या! अक्कल गहाण ठेवली का रे? रिकाम्या पोटी ओला घास घालतात का गाभण गायीला? शेळ्यांमधी राहून राहून शेळीच झाला तू! तुझा बापबी असाच व्हता!"

आवाज बसस्टँडपर्यंत नक्की गेला. जळबा ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"हां!" तो भिकाबाईला म्हणाला. "आता कसं! हा आपला सोनाजी."

"शेजाऱ्याचं कौतुक मंग करा," भिकाबाई म्हणाली. "आधी डॉक्टरीण बोलवा."

रागिणीताई आल्या. त्यांनी तांबडीला औषध आणि गोडंतेल पाजलं. "हिला बसू देऊ नका. चालवत राहा," असं सांगून त्या तिथंच थांबल्या. जळबानं दावं धरलं, सोनाजी मागून ढकलू लागला. वस्तीला एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. सहाव्या फेरीला तांबडीनं असा काही वारा सोडला की मागं चालणारा सोनाजी बाजूला उडी मारून उभा राहिला. रागिणीताईंनी कूस दाबून बघितली. "उतरतंय. वाचली."

सोनाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच दुसरीही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आपण काय काय बोललो ते. तीन दिवस जपलेलं सगळं एका दमात सांडलं होतं. त्याचे कान गरम झाले.

"जळबा," तो खाली बघत म्हणाला. "लई बोललो तुला. मेलेल्या बापालाबी काढलं. माफ कर."

माफ करणं त्याला जड गेलं होतं, पण माफी मागणं त्याहून जड निघालं.

"केलं," जळबा म्हणाला. त्यानं दावं सोनाजीच्या हातात दिलं, धोतराला हात पुसले आणि शीळ घालत घरी गेला.

संध्याकाळी यशोदाबाईंनी ताट वाढलं. सोनाजी भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बसला होता.

"जेवा की. गाय बरी हाय."

"ते न्हाई. यशोदे, त्यानं एका शब्दात माफ केलं. थोडाबी इचार केला न्हाई."

"बरं झालं की मंग."

"बरं झालं, पण..." सोनाजीनं भाकरी ताटात ठेवली. "काहून केलं असंल? त्याच्या मनात काय असंल?"

यशोदाबाईंनी नवऱ्याकडं नीट बघितलं. हसू आवरायला त्यांनी पदर तोंडाशी धरला. "जाऊन इचारा."

त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. पण सोनाजीनं खरंच पायात चपला घातल्या.