डिकीचा मान

मासळीचा बर्फ, दीड ट्रक.

पिवळी गाडी. दारं दोन, सीटं दोन, आणि इंजिनाची सगळी ताकद फक्त मागच्या चाकांना.

खडेमीठ.

पोपटरावांचं वजन. (कुणी सांगत नाही.)

बाहेर चव्वेचाळीस अंश.

"मामा, मला एकच गोष्ट बघायचीय."

या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही नव्हता वाटला! पण लग्न म्हटलं की कशाचाही कशाशीही संबंध लागतो. तर आधी एक सांगून टाकतो. वाळूतून गाडी बाहेर काढण्यात अख्ख्या कतारमध्ये माझा हात धरणारा माणूस नाही! समैस्माच्या किनाऱ्यावर भल्याभल्यांच्या जीपगाड्या मी अशा उपसून काढल्यात, जशी आपण आमटीतून शेवग्याची शेंग काढतो. आणि बर्फ म्हणजे तरी काय? पांढरी वाळू. जरा थंड, एवढंच!

हे वाक्य मी दोह्यातल्या मुऐदर भागात, माझ्या बहिणीच्या, नयनाच्या घरी चहा पिताना बोललो. बोललो नसतो तर बरं झालं असतं.

भाची गार्गी हिरमुसून बसली होती. तिला लग्न मनालीला करायचं होतं, बर्फात. पण नवरा मुलगा मिहीर पडला स्टेडियम गार ठेवणाऱ्या यंत्रणेचा इंजिनिअर. वर्ल्डकपची तयारी सुरू झाल्यापासून 'सुट्टी' हा शब्द ऐकला की त्याच्या साहेबाला ताप भरायचा. लग्नासाठी त्यानं मोठ्या मनानं दोन दिवस दिले. शुक्रवार आणि शनिवार, म्हणजे इथली आठवड्याची सुट्टीच! म्हणजे लग्न दोहातच, हॉटेलच्या हॉलमध्ये.

"मामा, मला एकच गोष्ट बघायचीय," गार्गी म्हणाली. "मिहीर बर्फातून गाडीनं येतोय. बाकी लग्न तुम्ही कसंही करा."

"एवढंच ना? बर्फ मी आणतो! गाडीही मीच चालवतो!"

"दादा, तू फक्त आहेर आण," नयना म्हणाली.

पण मी ऐकणाऱ्यातला नव्हतो.

माझा मित्र दिलावर मूळचा रत्नागिरीचा. इथे मासळीच्या व्यापाऱ्यांना बर्फ पुरवतो. लाद्यांचा भुगा करणारं त्याचं यंत्र गाढवासारखं ओरडतं, पण भुगा असा पाडतं की हिमालयानं मान खाली घालावी!

"बर्फ देतो सदाभाऊ," तो म्हणाला. "पण वास येईल हां. यंत्रात थोडी सुरमई राहतेच."

"मनालीत लोक काय बर्फ हुंगत बसतात?"

"तुझी मर्जी. यल्ला, चल, ट्रक पाठवतो."

लग्नाच्या सकाळी हॉलच्या दारापासून मांडवापर्यंत जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर वीतभर बर्फ. कडेनं पुठ्ठ्याची देवदाराची झाडं. एसी इतका वाढवला की बाहेरून घामाघूम आलेले पाहुणे आत शिरताच शाली मागायला लागले. मुलाचे काका पोपटराव नाशिकहून आले होते. भरदार माणूस! फेटा बांधला की दोन माणसं एकावर एक उभी आहेत असं वाटे. त्यांनी दारात थांबून दीर्घ श्वास घेतला.

"जेवणात मासे आहेत का हो?"

"छे, काका! संपूर्ण शाकाहारी."

"अरेरे," ते म्हणाले.

मुहूर्ताला अर्धा तास होता. पिवळी गाडी हॉलच्या दारातून आत, बर्फावर आणून ठेवली होती. मी स्टिअरिंगवर, मिहीर मुंडावळ्या बांधून शेजारी बसला. गाडीमागे वरात उभी. मी रुबाबात ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन वाघासारखं गुरगुरलं, मागची चाकं भिंगरीसारखी फिरली, आणि गाडी? जागच्या जागी! गाडी पुढे गेली नाही, बर्फ मात्र मागे उडाला. आरशात पाहिलं तर पोपटरावांचा भगवा फेटा पांढराशुभ्र.

"मामा, हळू द्या," मिहीर पुटपुटला. "इंजिन पुढे आहे. मागच्या चाकांवर वजनच नाहीये, त्यामुळे ती..."

"नवऱ्या मुलानं बोलायचं नसतं!"

वाळूत चाक फिरलं की टायरमधली हवा कमी करतात. मी उतरून कमी केली. गाडी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी पसरली आणि आणखीच निवांत झाली.

"मी चालत जाऊ का?" मिहीरनं विचारलं. "चाळीस पावलंसुद्धा नाहीत."

"खबरदार!" मागून पोपटराव गरजले. "आमच्यात नवरदेव मांडवाच्या दारातच उतरतो. मी तिथेच उतरलो, माझे वडील तिथेच उतरले!"

"बैलगाडीतून उतरले असतील," नयना मांडवाच्या दारात आरतीचं तबक धरून पुटपुटली. हॉलमध्ये आवाज घुमतो, हे तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मला पॉट आइस्क्रीम आठवलं! आपण सगळ्यांनी फिरवलाय तो पॉट. बर्फात खडेमीठ टाकलं की गारठा वाढतो आणि आइस्क्रीम घट्ट. म्हणजे मिठानं काय होतं? घट्ट होतं! बर्फ घट्ट झाला की चाक पकडणारच.

"खडेमीठ आणा रे!"

हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पोतं आलं. मी स्वतःच्या हातानं बी पेरावं तसं मीठ पेरलं. दहा मिनिटांत वरच्या भुग्याचं सरबत झालं, वाहून गेलं, आणि खाली उरला नुसता काचेसारखा गुळगुळीत, ओला बर्फ! दिलावर बघायला आला आणि येताना बसूनच आला, दारापासून थेट गाडीपर्यंत.

"सदाभाऊ," तो बसल्या बसल्या म्हणाला, "पॉटमध्ये घट्ट होतं ते दूध. बर्फाचं पाणीच होतं रे!"

मांडवातून गुरुजींचा आवाज आला. "यजमान, मुहूर्त टळला तर पुढचा सोमवारी!"

सोमवारी! सोमवारी मिहीर स्टेडियममध्ये पाइप तपासत असणार. गार्गीचं बर्फाचं राहू दे, तिचं लग्नच मी घसरवत होतो!

"काय म्हणत होतास रे मघाशी?" मी मिहीरला हळूच विचारलं.

"मागे वजन हवं, मामा."

मी मागे वळून पाहिलं. वजन फेटा झटकत उभं होतं.

"पोपटराव," मी नम्रपणे म्हणालो, "जरा डिकीवर बसता का?"

सनईच्या रेकॉर्डनं नेमका त्याच क्षणी दम घेतला.

"मी? डिकीवर? मी काय सामान आहे?" पोपटरावांचा चेहरा गाजरासारखा झाला. "ऐकलं का वरपक्षानं? मुलाच्या काकाला डिकी! चला रे, गाड्या बोलवा!"

आणि वरपक्ष खरंच निघाला की हो! म्हणजे निघायला लागला. बर्फावर जो तो दुसऱ्याला धरत होता, त्यामुळे रुसून जाणं जमेना. तेवढ्यात नयना तबक सांभाळत पुढे आली.

"काका, अहो दादाला नीट सांगता येत नाही. डिकीवर बसून मांडवात यायचा मान असतो आमच्यात. फक्त वडीलधाऱ्यांना. पण तुम्हाला नको असेल तर राहू द्या, आमच्या बाजूचं कुणी बसेल."

पोपटराव थांबले. "मान?"

"पहिला मान."

"मग तो तुमच्या बाजूला कसा जाईल?" त्यांनी फेटा सरळ केला. "धरा रे मला!"

चौघांनी त्यांना डिकीवर चढवलं. गाडीचा मागचा भाग असा दबला की पुढचं नाक छताकडे बघायला लागलं. तेवढ्यात मिहीरची आत्या आली.

"काकाला मान आणि आत्याला काय, रिकाम्या खुर्च्या?" आत्या चढल्या. मग मावशी. मग मावशींचे यजमान. ते मानासाठी नव्हे, मावशी पडू नयेत म्हणून!

"चाकाखाली काहीतरी खरबरीत टाका!" दिलावर ओरडला.

खरबरीत काय आणणार? पण हॉलमधल्या प्रत्येकाच्या मुठीत अक्षता होत्या. सगळ्यांनी एकदम चाकांवर टाकल्या! मी यावेळी ॲक्सिलरेटर दाबला नाही, नुसता पाय टेकवला. चाकांनी तांदूळ चावले, आणि गाडी हलली!

"हलली! हलली!" अख्खा हॉल ओरडला.

हलली ती हललीच. मांडव जवळ आला म्हणून मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी नाही! ती संथपणे, एखाद्या लग्नाळू राजहंसासारखी घसरत गेली, अर्धी गिरकी घेतली आणि मांडवाच्या दारात बरोब्बर थांबली. पाठमोरी!

नयना सकाळपासून एकच गोष्ट घोकत होती. गाडी थांबली की ओवाळायचं. गाडी थांबली. तिनं ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता नव्हत्या म्हणून नुसता हात उडवला, "औक्षवंत व्हा," म्हणाली, आणि मग वर पाहिलं.

डिकीवर पोपटराव हात जोडून बसले होते. डोळ्यांत पाणी!

"असा मान," ते गहिवरून म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नव्हता."

मिहीर दार उघडून उतरला, गाडीला धरत धरत मागे आला आणि काकांच्या शेजारी उभा राहून त्यानं दुसऱ्यांदा ओवाळून घेतलं. मुहूर्त साधला. मंगलाष्टकांना अक्षता म्हणून पुलावाचे कच्चे तांदूळ वाटले, तेवढे कमी पडले नाहीत. जेवणात मठ्ठा फर्मास होता. दिलावरनं चार जिलब्या उडवल्या आणि पाचवी माझ्या पानात टाकली. मिहीरच्या मोजड्या चालताना बेडकासारख्या बोलत होत्या, आणि त्याला बघून गार्गी इतकी हसत होती की माझा सगळा शीण गेला. व्हिडिओही सुरेख आलाय. त्यात बर्फ दिसत नाही, पोपटराव दिसतात. पुढच्या महिन्यात नाशिकला त्यांच्या मुलाचं लग्न आहे. मला आग्रहाचं बोलावणं आहे, डिकीसह!

आणि गार्गीला बघायची होती ती एकच गोष्ट? गाडी बर्फात होती तेवढा सगळा वेळ ती शेजारच्या खोलीत, दार लावून, गौरीहरासमोर बसली होती.